नायटा (गजकर्ण): उपचार आणि बचाव, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली भागातून नायट्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर आधी ३ आणि ४ वाचा. बहुतेकांचं गाडं तिथेच अडलेलं असतं.

१. नायटा, गजकर्ण, दाद, खरूज ही सगळी एकाच रोगाची नावं आहेत का?

नायटा, गजकर्ण आणि दाद एकच. कातडीच्या अगदी वरच्या थरात केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर जगणाऱ्या बुरशीमुळे हा रोग होतो. केस आणि नखंही केराटिनचीच असल्याने बुरशी तिथेही पोचते. खरूज वेगळी. ती कातडीत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते. तिच्यात बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ येतं आणि रात्री अंथरुणात खाज असह्य होते. नायट्याचं मलम खरजेला लागू पडत नाही आणि खरजेचं नायट्याला. पाठीवर-छातीवर येणाऱ्या शिब्यांसाठी प्रश्न १७ पाहा.

२. हा नायटाच आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

कड बघा. नायट्याची कड उंचावलेली, लालसर किंवा काळपट, बारीक खवल्यांची असते आणि मधला भाग निवळत जातो. चट्टा बाहेरच्या बाजूने पसरतो. घाम आला की खाज वाढते. जांघ, नितंब, कंबरपट्टा, काखा आणि स्तनांखालची घडी या त्याच्या नेहमीच्या जागा.

फसवणारे आजारही आहेत. नाण्याएवढ्या गोल इसबात मधला भागही कडेइतकाच खरबरीत असतो आणि कधी पाणी सुटतं. सोरायसिसचे पापुद्रे जाड, चांदीसारखे पांढरे असतात आणि कोपर-गुडघ्यांवर जास्त दिसतात. चट्ट्याला खाजच नसेल आणि तिथे कापसाचा स्पर्शही कळत नसेल, तर मलम लावत बसू नका. कुष्ठरोगाची शक्यता तपासून घ्या. त्याची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

शंका राहिली तर डॉक्टर कडेचे खवले खरवडून, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी साधी आहे. बुरशीचे धागे दिसले की वाद मिटतो.

३. मलम कोणतं, किती आणि किती दिवस लावायचं?

क्लोट्रिमॅझोल १ टक्का, केटोकोनॅझोल २ टक्के, ल्युलिकोनॅझोल १ टक्का आणि टर्बिनाफिन १ टक्का ही बुरशीची नेहमीची मलमं. क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा लावतात, ल्युलिकोनॅझोल एकदा. बाकीच्यांसाठी चिठ्ठीवर लिहिलं असेल तसं. ट्यूबवर यातलं एकच नाव हवं. दुसरं काही मिसळलेलं असेल तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय लावू नका.

अंघोळ करून जागा पूर्ण कोरडी करा. चट्ट्याच्या बाहेरून आत असं लावत या आणि कडेबाहेरची दोन सेंटिमीटर चांगली दिसणारी कातडीही त्यात घ्या, कारण बुरशी डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. नंतर हात साबणाने धुवा.

प्रमाणाचा हिशेब फारसं कुणी सांगत नाही आणि औषध बिघडतं ते इथेच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघा आणि नितंब मिळून चार तळहात जागा धरली तर एका वेळी एक ग्रॅम लागेल. दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम, महिन्याला साठ. आता आठवा, पंधरा ग्रॅमची ट्यूब तुमच्या घरी किती दिवस चालली? महिनाभर चालली असेल तर गरजेच्या पाव भागच औषध अंगाला लागलं.

मुदत: खाज आठवड्यात कमी होते, पण बुरशी तेव्हा मेलेली नसते. चट्टा पूर्ण सपाट होऊन खवले गेल्यानंतर आणखी दोन आठवडे लावायचं. एकूण चार ते सहा आठवडे सहज जातात, जुनाट नायट्याला त्याहून जास्त.

४. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज गेली, पण सोडली की दुप्पट येतं. असं का?

त्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं, म्हणून आराम खरोखर पडतो. पण ज्या सुजेच्या जोरावर शरीर बुरशीशी झगडत असतं तीच दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कड पुसट होते, चट्ट्यात चट्टा अशी वलयं उठतात, नायटा ओळखूही येत नाही. जांघेत आणि काखेत महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन गर्भारपणातल्या वळांसारखे पट्टे पडतात. ते कायमचे राहतात.

बाजारात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूब सर्रास मिळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद केली, तरी काउंटरवर "खाजेची क्रीम द्या" म्हटलं की हातात काय पडेल सांगता येत नाही. म्हणून मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. शेवटी "झोल" असलेली नावं (क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल) बुरशीच्या औषधांची. "सोल", "सोन" किंवा "लोन" आलं (क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन) की ते स्टेरॉइड. क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासोल ऐकायला जवळची वाटतात, कामं मात्र उलटी. गोरेपणाच्या काही क्रीममध्येही स्टेरॉइड असतं. चेहऱ्यावरचा नायटा अशा क्रीमने पसरलेला दिसतो.

५. स्टेरॉइडची ट्यूब वर्षभर लावली आहे. आता एकदम बंद करू का?

नायट्यावर ती लावणं थांबवायलाच हवं, पण दोन गोष्टींची तयारी ठेवून. पहिले आठवडा-दोन आठवडे लाली आणि खाज उसळते. नवं औषध चालत नाही असं वाटून लोक याच वेळी जुन्या ट्यूबकडे वळतात. खाजेसाठी डॉक्टर सेटिरिझिनसारखी गोळी देतात, तिच्यावर हे दिवस काढायचे. दुसरं म्हणजे अशा नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं (प्रश्न ६). खूप मोठ्या भागावर लावत असाल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनंही घेतली असतील, तर अचानक बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

६. गोळ्या कधी लागतात? आठवड्याला एक गोळी पुरते का?

चट्टे अनेक ठिकाणी असतील, सहा महिने जुने असतील, स्टेरॉइड लावून झालं असेल, किंवा डोक्याच्या केसांत अथवा नखांत बुरशी असेल तर गोळ्या लागतात. आठवड्याची एक गोळी म्हणजे बहुधा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. हल्लीच्या नायट्यावर तिच्या एकटीच्या जिवावर राहता येत नाही.

इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन ही मुख्य औषधं. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी, जेवणानंतर लगेच घ्यायची. पोटातलं आम्ल तिला हवं असतं, म्हणून सकाळी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेऊन वर ही कॅप्सूल घेतली तर ती पुरेशी अंगी लागत नाही. पित्ताची गोळी चालू असेल तर आधी सांगा. हृदय कमजोर असणाऱ्यांना ती देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना नायटा झाला की त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊनच जा. दोन्ही औषधांचा भार यकृतावर पडतो. कावीळ होऊन गेली असेल किंवा रोजची दारू असेल तर रक्त तपासल्याशिवाय सुरू करू नयेत. गोळ्या चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, मळमळू लागलं, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दाखवा.

७. सगळं नीट केलं तरी नायटा परत येतो. बुरशी औषधाला दाद देत नाही, हे खरं का?

काही अंशी खरं. भारतात पसरलेल्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन बुरशीतल्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्याच्या जनुकात तिने बदल करून घेतलेला असतो, त्यामुळे पूर्ण मात्रा घेऊनही ते औषध अनेकांना लागू पडत नाही. तेव्हा डॉक्टर इट्राकोनॅझोलकडे वळतात.

पण दोष बुरशीवर ढकलण्याआधी घरातल्या गोष्टी तपासा. मलम अपुरं होतं का, मुदतीआधी सोडलं का (प्रश्न ३)? घरात दुसऱ्या कुणाला आहे का (प्रश्न १०)? नखांत बुरशी दडून आहे का (प्रश्न १६)? जुना नायटा परतणाऱ्यांत यातलं एखादं कारण बहुतेक वेळा सापडतंच.

८. पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. मग काय करायचं?

ओलसर चड्डी किंवा परकर घालणं म्हणजे औषधावर पाणी ओतणं. इस्त्री हा सर्वांत सोपा मार्ग. आतले कपडे उलटे करून कमरेच्या आणि जांघेच्या शिवणींवर गरम इस्त्री फिरवा, शिवणीतला दमटपणा जाईपर्यंत. सुती कपड्यांचे तीन-चार जोड जादा ठेवा.

रुग्णाचे कपडे, टॉवेल आणि पांघरूण वेगळं धुवा. बंबातलं किंवा चुलीवरचं वाफाळतं पाणी (साठ अंशांच्या वर) घेऊन साबणात अर्धा तास बुडवून ठेवा. कोमट पाण्यात बुरशी मरत नाही. ऊन असेल तेव्हा उलटे करून वाळत घाला. मशीनमध्ये सगळ्या घराचे कपडे एकत्र फिरवू नका. न धुतलेले कपडे कोपऱ्यात ढिगाने साठवणंही टाळा, त्यावरच्या खवल्यांत बुरशी बरेच दिवस जिवंत राहते. जीन्स, नायलॉनची लेगिंग आणि घट्ट इलॅस्टिक बरं होईपर्यंत बाजूला.

९. करदोडा काढावा लागेल का?

हो. घामाने भिजलेला दोरा दिवसभर कंबरेला घासतो आणि तो वेगळा धुतलाही जात नाही. कंबरेचा नायटा कित्येकदा नेमका करदोड्याच्या रेषेवर असतो. श्रद्धा म्हणून घालायचाच असेल तर पूर्ण बरं झाल्यावर नवा घाला. परकराची नाडी रोज त्याच जागी आवळली जाते, ती थोडी वर-खाली बांधा. पायातला किंवा मनगटातला काळा दोराही याच हिशेबात.

१०. घरात एकालाच आहे. बाकीच्यांनीही मलम लावायचं का?

चट्टा नसलेल्याने लावायची गरज नाही. पण सगळ्यांचं अंग एकदा नीट बघा. लाजेने लपवलेली जांघ हे घरात नायटा फिरत राहण्याचं मोठं कारण आहे. ज्यांना आहे त्यांनी एकाच वेळी उपचार सुरू करायचे. नवऱ्याने या महिन्यात आणि बायकोने पुढच्या महिन्यात असं केलं तर तो एकमेकांकडे फिरत राहतो. टॉवेल, साबण आणि अंथरूण वेगळं ठेवा. ऊसतोडीच्या टोळीत किंवा वसतिगृहात एका खोपीत, एका खोलीत राहणाऱ्यांनाही हेच लागू.

११. तालमीत जाणाऱ्या पोराला मानेवर, खांद्यावर चट्टे येतात. कुस्ती बंद करायची?

काही दिवस जोड धरायची नाही, एवढंच. धरपकडीत मान, खांदा आणि हाताचा आतला भाग सतत घासतो, म्हणून पैलवानांना नायटा नेमका तिथे येतो. हौद्याच्या मातीत हळद, ताक, तेल घालतात, पण त्याने बुरशी मरेल या भरवशावर राहू नका. उपचार सुरू होऊन चट्टा सपाट आणि बिनखवल्यांचा होईपर्यंत जोर, बैठका, दोर असा एकट्याचा व्यायाम करावा. लंगोट रोज धुतलेला आणि स्वतःचाच हवा. मेहनत झाल्यावर अंगावर माती वाळू न देता लवकर अंघोळ करा. मॅटवर सराव असेल तर मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जाते का, हे वस्तादांना विचारायला हरकत नाही.

१२. पायाच्या बोटांतल्या चिखल्यासुद्धा नायटाच का?

बऱ्याचदा हो, पण नेहमी नाही. सतत पाण्यात राहिल्याने बेचक्यातली कातडी पांढरी पडून फुगते, तिच्यात आधी बुरशी आणि मागोमाग जंतू शिरतात. भाताची लावण, उसाला रात्रीचं पाणी, दिवसभर गमबूट किंवा कारखान्यातले सेफ्टी शूज हे सगळे निमित्त. चौथ्या आणि पाचव्या बोटांमध्ये सर्वांत आधी दिसतं.

घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने धुऊन प्रत्येक बेचकं कापडाने टिपा, मग क्लोट्रिमॅझोल. बेचक्यात जाड मलमाचा थर साठू देऊ नका. घाण वास, पिवळा पू किंवा घोट्यापर्यंत सूज असेल तर जंतूंचं औषध लागेल. बूट एक दिवसाआड वापरता येतील असे दोन जोड असतील तर उत्तम, आणि मोजे रोज बदला. जांघेतही नायटा असेल तर चड्डीच्या आधी मोजे घाला, म्हणजे पायाची बुरशी वर चढत नाही.

कृष्णा-वारणेला पूर येतो तेव्हा (२०१९ आणि २०२१ अजून सगळ्यांना आठवतं) याच चिखल्यांच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही शिरू शकतात. पुराच्या पाण्यात उतरून आल्यावर ताप आणि पोटऱ्यांत गोळे आले तर ते चिखल्यांवर न सोडता लगेच दवाखाना गाठा.

१३. लिंबू, हळद, टाकळ्याचा पाला, चुना, रॉकेल यांनी बरं होतं म्हणतात.

चुना, रॉकेल, बॅटरीचं पाणी आणि तंबाखू यांनी कातडी भाजते. वरचा थर सोलला जातो म्हणून चट्टा गेल्यासारखा वाटतो, मागे जखम राहते. लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग आणि फोड उठतात. हळदीची ख्याती सांगलीकरांना सांगायला नको, पण चट्ट्यावरचा लेप ओल धरून ठेवतो आणि बुरशीच्या मुळाशी जात नाही. टाकळा नायट्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तरी जुनाट किंवा पसरलेल्या नायट्याला तो पुरा पडत नाही. कडुलिंबाच्या पाण्याची अंघोळ चालेल, औषधाच्या जागी नको.

१४. द्राक्षबागेवर मारतो ते बुरशीनाशकही "झोल"च आहे. तेच पातळ करून लावलं तर?

तासगाव, पलूस भागातून हा प्रश्न येतो आणि त्यात तर्क आहे. भुरीवर मारायची हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधं नायट्याच्या औषधांच्याच कुळातली. तरी लावू नका. ती कातडीसाठी बनवलेली नाहीत. त्यातले द्रावक आणि पसरवणारी रसायनं कातडी जाळतात, औषध रक्तात उतरतं आणि किती उतरलं याचा अंदाज कुणालाच येत नाही. जांघेची कातडी तर मुळातच जास्त शोषून घेते. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचंही तेच.

१५. वासरामुळे किंवा मांजरामुळे नायटा होतो का?

होतो. वासराच्या डोळ्याभोवती किंवा मानेवर राखाडी, कवच धरलेले केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो नायटा, आणि तो धार काढणाऱ्याच्या हातावर येतो. असा नायटा जास्त सुजतो, कधी पूही धरतो. जनावर पशुवैद्यकाला दाखवा आणि तोवर हातमोजे घाला. तरी आपल्याकडचा बहुतेक नायटा माणसाकडूनच माणसाला लागतो.

१६. मुलाच्या डोक्यात चट्टा पडून केस गेले आहेत. मोठ्यांच्या नखांतही बुरशी आहे. मलम चालेल?

डोक्यात मलम चालत नाही, ते केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. मुलाच्या वजनाप्रमाणे सहा-आठ आठवडे पोटातून औषध द्यावं लागतं. सुजून पू धरलेली मऊ गाठ आली तर ती गळवासारखी दिसते. ती चिरायची नसते. वेळेत औषध मिळालं नाही तर तिथे कायमचं टक्कल पडतं. टक्कल करायची गरज नाही, कंगवा आणि टोपी मात्र वेगळी ठेवा.

नखाला धीर लागतो. गोळ्या हाताच्या नखांना साधारण सहा आणि पायाच्या नखांना बारा आठवडे चालतात, पण पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

१७. पाठीवर पांढरट ठिपके आहेत, खाज फारशी नाही. हा नायटा की कोड?

बहुधा शिबे. नखाने हलकं खरवडलं तर पिठासारखा बारीक कोंडा निघतो. कोडात तो निघत नाही आणि रंग दुधासारखा पांढरा असतो. शिबे करणारी बुरशी प्रत्येकाच्या कातडीवर असतेच, त्यामुळे ते संसर्गाने लागत नाहीत. केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू ओल्या अंगाला लावून पाच मिनिटांनी धुवायचा, सलग पाच दिवस. कोंडा थांबतो, पण रंग परत यायला काही महिने जातात. तेवढ्यासाठी पुन्हा औषध नको.

१८. मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर काय वेगळं?

साखर वाढलेली असेल तर नायटा हटत नाही, शिवाय कँडिडा नावाची दुसरी बुरशीही येते. स्तनांखाली किंवा जांघेत लालभडक, ओलसर चट्टा आणि त्याच्या बाहेर विखुरलेल्या बारीक पुटकुळ्या ही तिची खूण. वारंवार असं होत असेल आणि साखर कधी तपासली नसेल तर आधी तपासा. गरोदरपणात क्लोट्रिमॅझोलचं मलम सुरक्षित मानतात. पोटातल्या गोळ्या टाळतात. इट्राकोनॅझोल घेत असताना आणि नंतरही काही काळ गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी लागते.

१९. वांगी, मटण, आंबट बंद करायचं का?

नाही.

२०. खाज गेली, पण काळे डाग राहिले. औषध चालूच ठेवायचं?

डागावर बोट फिरवा. खवले नाहीत, कड उंच नाही, घाम आल्यावरही खाज नाही, अशी अवस्था दोन आठवडे टिकली असेल तर तो फक्त रंग आहे आणि काही महिन्यांत आपोआप फिका होतो. रंग घालवण्यासाठी मेडिकलमधून क्रीम आणू नका, कारण प्रश्न ४.

२१. कुठे दाखवायचं आणि जाताना काय न्यायचं?

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा जवळचे त्वचारोगतज्ज्ञ. जाताना आजवर वापरलेल्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. "एक पांढरी ट्यूब होती" एवढ्यावर डॉक्टरांना काहीच कळत नाही. त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर मलम, तेल, पावडर काहीही लावू नका, म्हणजे खवले खरवडून तपासता येतील. घरातल्या दुसऱ्या कुणाला चट्टे असतील तर त्यांनाही त्याच दिवशी सोबत न्या.